पार्सन्ससाहेबांनी पास केलेला हॅम

“बेक्ड हॅम म्हणजे बेक्ड. यात पाणी आलं कुठून?”

क्लबाचे सेक्रेटरी बॅरिस्टर टेंभेकर आमच्या पातेल्यात छडीचं टोक बुडवून विचारत होते. पातेल्यात पाणी होतं, पाण्यात डुकराची अख्खी तंगडी होती आणि पातेल्याला टेकून मी उभा होतो. दुसऱ्या दिवशी नाताळ. नागपुरात त्याला बडा दिन म्हणत.

आमचे हेड खानसामा बापूराव पंच्याला हात पुसत पुढे आले.

“साहेब, मीठ उतरून राहिलं.”

“कशाला उतरवता? मीठ म्हणजेच फ्लेवर. तुम्ही लोक फ्लेवर धुऊन गटारात सोडता आणि आम्हाला चिंध्या खायला घालता. काढा बाहेर.”

“जी साहेब.”

हॅम कधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. डुकराचा मागचा पाय मिठात मुरवतात, मग टांगून वाळवतात. महिनोन्‌महिने टिकतो. मी कोकणातला, देवगडच्या बाजूचा. आमच्याकडे बांगडा सुकवतात तोच प्रकार, फक्त बांगडा मांडीएवढा. आता सुका बांगडा कोणी तसाच कालवणात टाकत नाही. आधी भिजवायचा, पाणी बदलायचं, पुन्हा भिजवायचा. हॅमचंही तेच. दिवसभर पाण्यात ठेवायचा, मग मंद उकळायचा, साल सोलायची, वरून गोड पाक चढवायचा आणि भट्टीत तांबूस करायचा. त्या पाकाला ग्लेझ म्हणतात. आमचा हॅम मुंबईच्या कोल्ड स्टोरेजमधून रेल्वेनं गोणपाटात गुंडाळून आला होता. पाण्यात पडून त्याला जेमतेम एक दुपार झाली होती.

मी चाचरत म्हणालो, “साहेब, मीठ फार आहे त्यात. निदान रात्रभर तरी...”

टेंभेकरांनी माझ्याकडे पहिल्यांदाच पाहिलं. “हा कोण?”

“चाखणारा आहे साहेब,” बापूराव म्हणाले.

“शिक्षण?”

“पाचवी,” मी म्हणालो. तीही अर्धी, पण तेवढं खोलात कोणी विचारलं नाही.

“मी लंडनमध्ये राहिलोय,” टेंभेकर म्हणाले. तिथं विषय संपला.

ते लंडनमध्ये राहिले होते हे खरं. तिथं ते बॅरिस्टर झाले. त्यांच्या ड्रायव्हरनं मला पुढं सांगितलं, की तिथले सगळे दिवस साहेबांनी उकडलेले बटाटे आणि आईनं पार्सलनं धाडलेलं मेतकूट यावर काढले. पण लंडनला जाऊन आलेल्या माणसाला हॅमबद्दल मत असावंच लागतं, आणि ते मत उकडलेल्या बटाट्यावरही होऊ शकतं.

ही गोष्ट इंग्रज गेल्यानंतरची, साताठ वर्षांत कधीतरी. नागपूर तेव्हा राजधानी होतं. सिव्हिल लाइन्समधला हा क्लब पूर्वी गोऱ्यांचा. इंग्रज गेले, पाटी बदलली, आणि आतल्या नव्या मेंबरांनी एकच ध्यास घेतला: इंग्रजांना परत यावंसं वाटलं तर त्यांना काही बदललेलं दिसता कामा नये. मे महिन्यात नागपुरात चिमण्या झाडावरून खाली पडतात. त्या उन्हातही डायनिंग हॉलमध्ये टायशिवाय शिरता येत नसे. भिंतीवरच्या सांबराच्या मुंडक्याला दर शनिवारी तेल लावलं जाई. आणि बड्या दिवसाच्या लंचला हॅम असे. मेंबरांतले निम्मे घरी कांदा-लसूणही खात नसत. एक जज्जसाहेब हॅम खाऊन क्लबातच आंघोळ करत आणि मग घरी जात. त्यांचं जानवं खुंटीला लटकलेलं मी अनेकदा पाहिलंय. पण हॅम पाहिजे म्हणजे पाहिजे.

मी या स्वयंपाकघरात कसा आलो, तेही सांगितलं पाहिजे. एक नातेवाईक रेल्वेत होता, त्याच्या भरवशावर मी घर सोडलं. नागपूरला पोचलो तर त्याची बदली झालेली. स्टेशनावरच्या नळाचं पाणी पिऊन दिवस काढत होतो. कोणीतरी क्लबाच्या मागच्या दाराशी नेऊन उभं केलं. बापूराव भाजी निवडत बसले होते.

“काय काय खातो गा?”

“सगळं.”

“बकरा?”

“खातो.”

“मासोळी?”

“रोज.”

“डुक्कर?”

डुक्कर मी बापजन्मात खाल्लं नव्हतं. घरी हे नाव काढलं असतं तर आईनं मला ओटीवर चढू दिलं नसतं. पण आई फार लांब होती आणि पोट जवळ होतं. “खातो,” म्हणालो.

“मंग ये अंदर. हात धू.”

ही माझी मुलाखत. बापूराव मूळचे उमरेडचे, विणकराचं घराणं. मागावरचं काम बसलं तेव्हा कुठल्याशा कमिशनरच्या बंगल्यावर भांडी घासायला लागले आणि तिथंच विलायती स्वयंपाक शिकले. गळ्यात तुळशीची माळ. मांस शिजवत उत्तम, पण जिभेला लावत नसत. वासावरून, रंगावरून, सुरी आत कशी जाते त्यावरून सगळं ओळखत. एक मीठ तेवढं वासावरून कळत नाही. त्यासाठी चाखणारा लागे. आधीच्या चाखणाऱ्याला रेल्वेत नोकरी लागली आणि माझं नशीब उघडलं. राहायला मागची खोली, दोन वेळचं जेवण, आणि वर पगार. या माणसाचे उपकार मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा तर मला रात्री दचकून जाग यायची, की उद्या ह्यांनी माळ काढून ठेवली आणि स्वतःच चाखायला लागले तर माझं काय?

त्या वर्षी भीतीला आणखी कारण होतं. कमिटीच्या मनात स्वयंपाकघर कंत्राटदाराला द्यायचं होतं. कंत्राटदार स्वतःची माणसं घेऊन येणार, म्हणजे आम्ही बाहेर. टेंभेकरांनी स्पष्टच सांगितलं होतं, “बड्या दिवसाचा लंच बघू, मग ठरवू. पार्सन्ससाहेब येणार आहेत.”

पार्सन्ससाहेब एका कापडगिरणीत विव्हिंग मास्टर, म्हणजे विणकाम खात्याचे मुख्य होते. क्लबात उरलेला शेवटचा इंग्रज. तेही उन्हाळ्याआधी कायमचे विलायतेला जाणार होते. म्हणजे हॅम कसा असतो हे खात्रीनं सांगू शकेल असा हा एकच माणूस, आणि ही त्याची शेवटची पंगत.

“याच्या गिरणीनं आमचे माग बंद पाडले,” बापूराव म्हणाले, “आन्‌ आता याच्यासाठीच मी डुक्कर सोलून राहिलो. पाह्य गा दत्ता, देवाचा हिशोब.”

तर टेंभेकरांनी तंगडी पाण्याबाहेर काढवली. आमच्यावर त्यांचा भरवसा नव्हता, आणि तो बरोबरच होता. ते गेल्यावर आम्ही ती परत पाण्यात टाकणार होतो. म्हणून त्यांनी ती बारच्या आइसबॉक्समध्ये ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

“सकाळी मी स्वतः येईन. उकळायचंही नाही. डायरेक्ट भट्टी.”

“जी साहेब.”

ते गेल्यावर मी बापूरावांवर चिडलो. “तुम्ही बोलला का नाही? तीस वर्षं हॅम करताय!”

“काहून बोलू? बोलणारा खानसामा कोनाले पाहिजे? मी बोललो असतो तर आजच गेलो असतो. नाही बोललो, तं उद्या जाऊ. एक दिवस त कमावला.”

मग ते उठले आणि त्यांनी गुळाची ढेप काढली. “मीठ काढता येत नाही, तं झाकू. मनगंड गोड करू, भरपूर.”

सकाळी नरखेडकडचे ओळखीचे बागवाले संत्र्यांची टोपली टाकून गेले. आम्ही रस काढला, त्यात गूळ आणि वाटलेली मोहरी घालून आटवायला ठेवला. इतवारी बाजारातून आणलेल्या लवंगा निवडून ठेवल्या. एवढ्यात टेंभेकर आले. एका हातात तंगडी, दुसऱ्या हातात बायकोचं इंग्रजी मासिक. सुटाबुटातल्या माणसानं डुकराची तंगडी तान्ह्या मुलासारखी धरलेली मी त्यानंतर कधी पाहिली नाही.

“हे काय? गूळ?” त्यांनी कढईत डोकावून विचारलं. “या मासिकात ब्राउन शुगर लिहिलीय.”

बापूरावांनी मागं फळीवरून इंग्रजी लेबलाची जुनी बरणी काढली. त्यात कुटलेला गूळच होता. चमचाभर काढून त्यांनी टेंभेकरांच्या देखत कढईत टाकला.

“हां. असं पाहिजे,” टेंभेकर म्हणाले.

हॅम भट्टीत गेला. दुपार व्हायच्या आधी बाहेर काढून बापूरावांनी साल सोलली. खाली पांढरी चरबी. तिच्यावर शंकरपाळ्यासारख्या चौकटी पाडायच्या असतात, म्हणजे पाक आत मुरतो. इतर खानसामे अंदाजानं चिरा मारतात. बापूराव सुताचा धागा ताणून धरत आणि धाग्याच्या रेघेवरून सुरी ओढत. आधी उभे धागे, मग तिरपे. मागावर ताणा लावायचे तसेच. प्रत्येक चौकटीत एक लवंग. मग मी ब्रशनं पाक चढवत गेलो. पाक शेवटीच लावायचा असतो. आधी लावला तर गूळ जळतो आणि कडू होतो. एक थर, पुन्हा भट्टी. दुसरा थर, पुन्हा भट्टी. शेवटी जो हॅम निघाला तो महाल भागातल्या सोनाराच्या दुकानात ठेवला असता तर गिऱ्हाईक लागलं असतं.

“ब्युटिफुल,” टेंभेकर म्हणाले आणि टाय नीट करायला गेले.

आता माझं काम. हाडाजवळचा एक तुकडा काढून मी तोंडात टाकला.

लहानपणी एकदा होडीतून पडलो होतो. नाकातोंडात समुद्र गेला होता. इतक्या वर्षांनी, समुद्रापासून इतक्या लांब, तोच समुद्र परत भेटला. गोडवा पहिल्या घासापुरता. मग जीभ आक्रसली, कान गरम झाले.

“कसा आहे गा?”

“खारट.”

“किती?”

“सुका बांगडा न धुता खावा तसा.”

“मले काय समजते बांगडा? मले समजन असं सांग.”

मी विचार केला. “एक घास खाल्ला तर तांब्याभर पाणी लागेल. एवढी सगळी माणसं. म्हणजे दोन घडे तरी.”

बापूरावांनी माळेला हात लावला. “मंग दोन घडे भर. आन्‌ आपली गठडी बांधून ठेव.”

मी दोन्ही केलं. मागच्या खोलीत जाऊन धोतर, सदरा आणि आईनं दिलेली चादर यांचं बोचकं बांधलं. मग हॅमची थाळी उचलली. ती मलाच न्यावी लागे. हॉलचे बटलर करीमभाई सगळी पंगत एकट्यानं सांभाळत, पण या थाळीपासून चार हात लांब चालत. “ये तेरी सवारी है, दत्ता. मेरेको सलाद दे,” म्हणत.

हॉलमध्ये थाळी ठेवली तशी टाळी पडली. टेंभेकरांनी सुरी घेतली. हॅम कागदासारखा पातळ कापायचा असतो. टेंभेकरांनी पावासारखा कापला. पहिली चांगली जाड फोड पार्सन्ससाहेबांच्या ताटात. मग सगळ्यांच्या ताटात. कोणी काट्याला हात लावेना. सगळे पार्सन्ससाहेबांच्या तोंडाकडे बघत होते. जज्जसाहेब, सिव्हिल सर्जन, सगळे. मीही बघत होतो. माझं बोचकं मागच्या खोलीत बांधून तयार होतं.

पार्सन्ससाहेबांनी घास घेतला. चावला. चावायचे थांबले. पुन्हा चावला. मान लाल झाली. डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

“वेल?” टेंभेकरांनी विचारलं.

पार्सन्ससाहेबांनी घास गिळला. गिळताना दिसला. “वंडरफुल,” ते म्हणाले. “जस्ट लाइक होम.”

हॉलमध्ये सुटकेचा श्वास सुटला आणि तीसेक काटे एकदम हॅमवर पडले.

पहिल्या घासाला सगळे थबकले. मी एकेकाचा चेहरा पाहत होतो. जिभेनं एक सांगितलं, पार्सन्ससाहेबांनी दुसरं सांगितलं. जिभेचं कोण ऐकतो?

“काय डोळे भरून आले हो त्यांचे,” एक बाई हळूच म्हणाल्या. “घरची आठवण.”

“ऑथेंटिक,” जज्जसाहेब म्हणाले आणि पाणी प्याले.

“असा हॅम मी एडिनबरोनंतर आजच खाल्ला,” सिव्हिल सर्जन म्हणाले. ते रोग्यांना मीठ बंद करायला सांगण्याबद्दल प्रसिद्ध होते. त्यांनी दुसऱ्यांदा घेतला.

करीमभाई माझ्या कानाशी आले. “अरे बाप्पा, पानी ला जल्दी. सर्जनसाब का चौथा गिलास है. ये लोगां हॅम खा रहे के कुआँ पी रहे?”

पहिला घडा सूप काढायच्या डावानं ग्लासांत ओतता ओतता संपला. दुसरा घडा लंच उरकायच्या आत रिकामा. तिसरा भरून आणायला मी मागच्या व्हरांड्यात गेलो, तर माठाशी पार्सन्ससाहेब उभे. कोट काढलेला. ओगराळ्यानं पाणी काढून ग्लासही न घेता वरून घटाघट पीत होते. शर्ट भिजला होता. मला पाहून त्यांनी तोंड पुसलं, कोट चढवला, “व्हेरी गुड हॅम” म्हणाले आणि ताठ चालत हॉलमध्ये गेले.

बापूराव दारातून बघत होते.

“पाह्यलं का? एवढ्या लांबून येऊन राज्य कसं केलं, समजलं तुले? पोट जळून राहिलं, पर तोंडावर दिसू देत नाही.”

संध्याकाळी टेंभेकर स्वयंपाकघरात आले. आवाज बसलेला, ओठ सुजलेले, चेहरा आनंदी. “बापूराव, कमिटी खूश आहे. कंत्राट रद्द. मी तुम्हाला म्हटलं नव्हतं, पाणी लावू नका?”

“जी साहेब. म्हटलं होतं.”

“शिकत राहिलं पाहिजे माणसानं.”

“जी साहेब.”

मी खोलीत जाऊन बोचकं सोडलं. चादर पुन्हा अंथरली.

पुढच्या उन्हाळ्याआधी पार्सन्ससाहेब विलायतेला गेले. त्या वर्षी नाताळाच्या आदल्या दिवसापर्यंत टेंभेकर एका खटल्याच्या कामात अडकले होते, त्यामुळे स्वयंपाकघरात कोणी डोकावलं नाही. बापूरावांनी हॅम मनासारखा भिजवला. पाणी बदललं. मंद उकळला. धागे ताणून चौकटी पाडल्या. मी चाखला, आणि इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा कळलं, की लोक डुकराची एवढी उस्तवार का करतात. मांस मऊ, मीठ कुठंतरी मागं, संत्र्याचा आंबटपणा आणि गुळाचा खमंगपणा पुढं. मी डोळे मिटून उभा होतो.

“कसा हाये गा?”

“बापूराव, तुम्ही माळ काढा आणि एक घास खा.”

“मार खाशील,” ते म्हणाले, पण खूश झाले.

हॉलमध्ये जज्जसाहेबांनी एक घास घेतला आणि काटा ठेवला. “हे काय? फिका आहे.”

“यात ते नाही,” सिव्हिल सर्जन म्हणाले. “तो पंच नाही. मागच्या वर्षी कसा होता!”

अर्धा हॅम परत आला. त्या पाठोपाठ टेंभेकर आले.

“बापूराव, परत पाणी लावलंत! कमिटीत पुन्हा कंत्राटाचा विषय निघालाय. आम्हाला पार्सन्ससाहेबांनी पास केलेला हॅम पाहिजे. तोच. समजलं?”

“जी साहेब.”

त्यानंतर कंत्राटाचा विषय कधी निघाला नाही. मी त्या क्लबात निवृत्त होईपर्यंत होतो. शेवटची बरीच वर्षं बापूरावांच्या जागी हेड म्हणून. तिथल्या मागच्या खोलीत राहूनच पुढे माझं लग्न झालं, मुलं शिकली. हे सगळं ज्या खारट तंगडीवर उभं राहिलं, तिला मी नावं ठेवत नाही. पुढं मुंबईचे हॅम कमी मिठाचे यायला लागले, तेव्हा आम्ही बाहेरून मीठ चोळत असू. एकदा कोणा मेंबराचा लंडनहून आलेला जावई पंगतीला होता. त्यानं घास घेतला आणि विचारलं, की इथं कोणाला रक्तदाब वगैरे नाही का? जज्जसाहेबांनी त्याच्याकडे कीव करून पाहिलं. आजकालच्या पोरांना खरा हॅम कुठं माहीत असतो, म्हणाले.

नवीन पोरं मला विचारतात, स्वयंपाकात मिठाचा अंदाज कसा ठेवायचा. मी सांगतो, खाणारा कोण आहे ते बघू नका. खाणारा कोणाचं ऐकतो ते बघा.

बापूराव होते तोवर दर बड्या दिवसाला आमचं बोलणं ठरलेलं असे. हॅम भट्टीतून निघाला, मी हाडाजवळचा तुकडा तोंडात टाकला, की ते माळ चाचपत विचारत,

“चाखला गा?”

“चाखला.”

“किती हाये?”

“दोन घडे.”

“मंग ने.”